पूर्वेकडचा दांडा

माझं नाव न्गातिनेम. एवढं लांब नाव घ्यायला आमच्या प्रयोगशाळेत कुणाला वेळ नाही, म्हणून सगळे मला बु नेम, म्हणजे नेमबाई, म्हणतात. तेहेतीस वर्षं मी लाटा मोजते आहे. हसू नका. जावातल्या योग्या शहराच्या उत्तरेला, मेरापी डोंगराच्या रस्त्यावर आमची प्रयोगशाळा आहे. खरा समुद्र इथून कोसभर नव्हे, चांगला तासभर लांब. पण आमच्या शेडमध्ये फुटबॉलच्या अर्ध्या मैदानाएवढी टाकी आहे आणि तिच्यात आम्ही पाहिजे तो समुद्र आणतो.

टाकीच्या एका भिंतीला चाळीस फळ्या आहेत, प्रत्येकीला आपली मोटर. सगळ्या एकदम पुढे गेल्या तर सरळ लाट येते. एकीमागून एक गेल्या तर लाट तिरपी निघते. आणि दोन दिशांच्या लाटा एकदम सोडल्या की पाणी भाताच्या आधणासारखं नुसतं खदखदतं. कोण कुठून आलं, कोण कुणाला धडकलं, डोळ्याला काही म्हणजे काही कळत नाही. तिथे माझ्या तारा लागतात.

दोन बारीक पोलादी तारा शेजारी शेजारी पाण्यात उभ्या, त्याला आम्ही प्रोब म्हणतो. पाणी तारांवर चढलं-उतरलं की त्यांच्यातली वीज कमीजास्त होते. असे पाच प्रोब टाकीत मांडलेल्या बंदराच्या नमुन्याच्या तोंडाशी लावायचे. कुठली लाट कोणाकडे आधी पोचली, कोणाकडे मागून, यावरून ती कुठल्या दिशेने आली ते संगणक काढतो. मात्र पाची प्रोब नेमके कुठे उभे आहेत हे त्याला बरोबर सांगितलेलं पाहिजे. हे वाक्य लक्षात ठेवा, माझी अख्खी अब्रू पुढे याच वाक्याला टांगली जाणार आहे.

या तारांना मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. रोज सकाळी माझ्या जुन्या बाटिकच्या मऊ फडक्याने एकेक तार पुसायची, प्रोब दहा सेंटीमीटर खाली करायचा, आकडा बघायचा, वर करायचा, पुन्हा बघायचा. नवी पोरं म्हणतात, "बु, कालच तर केलं!" मी म्हणते, काल तू आंघोळही केली होतीस, मग आज कशाला करतोस? तेहेतीस वर्षांत माझ्या प्रोबांनी एकदाही चुकीचा आकडा दिला नाही. हे मी स्वतः सांगते, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही.

आता तिऊरबद्दल. तिऊर सिमातुपांग, वय एकोणतीस, दूर दुसऱ्या बेटावरच्या मेदानची, बाताक जमातीची मुलगी. शिकून मोठी झालेली, दक्षिण किनाऱ्यावरच्या वातुकेलिर गावाच्या नव्या बंदराचं काम हे तिचं पहिलं स्वतःचं काम. बोलते अशी की पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारतेय असं वाटावं. आल्या दिवसापासून तक्रार एकच: "बु, तुमच्या योग्यात भाजीतसुद्धा साखर घालतात हो!" मी तिच्यासाठी घरून वेगळा झणझणीत सांबाल, मिरचीचा ठेचा, आणते. मला मूलबाळ नाही. मुलगी असती तर अशी असती म्हणावं, तर एवढी भांडखोर मी तरी वाढवली नसती. की वाढवली असती, कोण जाणे.

आमचं पहिलं भांडण डाव्या-उजव्यावरून झालं. ती टाकीवरच्या पुलावरून ओरडली, "बु, तिसरा प्रोब थोडा डावीकडे घ्या!"

मी म्हटलं, "कुणाच्या डावीकडे? तुझ्या की माझ्या? तू फिरलीस की तुझी डावी बाजूही फिरते. पूर्व-पश्चिम सांग माणसासारखं!"

आम्ही जावातली माणसं दिशेवर जगतो. बाकावर कुणी सरकायचं तरी "जरा उत्तरेला सरका". माझा नवरा अजून जेवताना सांगतो, "नेम, तुझ्या पश्चिमेच्या गालाला भात लागलाय." उत्तरेला मेरापी, दक्षिणेला समुद्र, हे आमच्या हाडात असतं. डोळे बांधून गरगर फिरवा आणि सोडा, मी बोट दाखवीन. तिऊर हसून हसून बेजार झाली, पण शिकली बिचारी. टेबलावरच्या नकाशाला बोट लावून ईशान्य, नैऋत्य म्हणायला लागली.

एक गोष्ट सांगायची राहिली. ही नवी शेड दोन वर्षांपूर्वी बांधली, तेव्हा मोटरी आत आणायचा दरवाजा उत्तरेला आला, म्हणून लाटांच्या फळ्याही उत्तरेलाच बसवल्या. म्हणजे टाकीतला दक्षिण समुद्र आला मेरापीच्या अंगाला! मी तेव्हाच आरडाओरडा केला होता. डोंगराकडे समुद्र, काय ती अक्कल! मग माझी समजूत घालायला त्यांनी टाकीच्या भिंतीवर मोठा लाल बाण काढला: नकाशाची उत्तर इकडे. त्या बाणाकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. उत्तर कुठे आहे हे मी आता रंगाला विचारू का?

वातुकेलिरचा नमुना मांडला तेव्हा प्रोबांची सोय अशी होती: तीन प्रोब उत्तर-दक्षिण एका रेषेत, आणि दोन एका आडव्या दांड्यावर, रेषेच्या एका बाजूला. दांडा कुठल्या बाजूला लावायचा ते ठरायच्या आत तिऊर बहिणीच्या लग्नाला मेदानला गेली. तिथून तिचा फोन आला. मागे ढोल वाजत होते.

"बु, दांडा पूर्वेला लावा हं. पूर्वेला!"

"बघ," मी म्हटलं, "शिकलीस की नाही शहाण्यासारखं बोलायला!"

फोन ठेवला, पाना घेतला, दांडा पूर्वेला लावला. परत आल्यावर तिने विचारलं, "पूर्वेला ना, बु?" मी म्हटलं, "नाही, चंद्राकडे. अगं, मी काय कुकुलं बाळ आहे?" पुन्हा तिने विचारलं नाही.

तीन आठवड्यांत बेचाळीस चाचण्या झाल्या. मोठी लाट दक्षिणेकडून सरळ बंदराच्या तोंडात येत होती, ते सगळ्यांना ठाऊकच होतं. गंमत लहान लाटेची झाली. पूर्वेच्या वाऱ्याच्या महिन्यांत जी लहान तिरपी लाट उठते, ती आम्ही आग्नेयेकडून सोडत होतो, पण बंदराच्या तोंडाशी ती पश्चिमेकडून येताना दिसत होती. तिऊर चार दिवस त्यावर बसली आणि मग टाळी वाजवून म्हणाली, ती पश्चिमेच्या कड्यावर आपटून उलटी फिरते आहे! हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. म्हणून बंदराचं तोंड पूर्वेला उघडायचं, म्हणजे लहान लाट बंधाऱ्याच्या पाठीवर पडेल, होड्यांना त्रास नाही. तिच्या अहवालाचा कणाच तो होता. गुरुवारी जकार्ताहून समिती येणार होती आणि एकदा तिने मान डोलावली की दगड पडायला सुरुवात.

मंगळवारी सकाळी वातुकेलिरहून पाक वारसिदी आले; आमच्याकडे बाईला बु तसं पुरुषाला पाक. गावाने त्यांना नमुना बघायला पाठवलं होतं. साठीचे कोळी, मनगटं दोरखंडासारखी, डोक्यावर काळी टोपी, हातात सागाच्या पानांत बांधलेले धुरावलेले मासे. मासे त्यांनी माझ्या हातात दिले आणि टाकीकडे पाहून म्हणाले, "अरे, आमची मशीद!" रंगवलेला लाकडी ठोकळा तो, पण त्यांनी ओळखला. मग स्वतःचं घर शोधलं. घर मी दोन बोटं चुकवून ठेवलं होतं, ते त्यांनी वाकून नीट केलं.

तिऊरने त्यांना खुर्ची दिली, पडद्यावर चित्रं दाखवली, तोंड पूर्वेला का उघडायचं ते तिच्या त्या दणदणीत आवाजात समजावलं. शेवटी विचारलं, "पटलं ना, पाक?"

पाक वारसिदी हसले आणि म्हणाले, "इंग्गिह, इंग्गिह, इंग्गिह."

तिऊर खूश झाली. मी मात्र तिथेच हातातलं फडकं खाली ठेवलं. आमच्याकडे एकदा इंग्गिह म्हणजे हो. हसत हसत तीनदा म्हटलं की समजावं, माणसाला अजिबात पटलेलं नाही, पण तुमचा मान राखून तो गप्प बसतोय. मेदानच्या पोरीला हे कोण सांगणार!

ती कामाला गेल्यावर मी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "पाक, आता माझ्याशी बोला. काय खटकतंय?"

"शिकलेली मुलगी आहे हो, बु. मी काय बोलणार?"

"मी शिकलेली नाही. माझ्याशी बोला."

त्यांनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ सागियो त्या तोंडाशी बुडून गेला. मोठी लाट त्याने नीट घेतली होती. मी मागच्या होडीत होतो, बघत होतो. मागून लहानगी आली बाजूने, गुडघ्याएवढी. होडी आडवी केली आणि मग पुढच्या मोठीने उलटवली. ती लहानगी पूर्वेकडून आली होती, बु. आता त्याचा मुलगा वासिस तीच होडी नेतो. तुम्ही त्या लहानगीच्या तोंडासमोर दरवाजा उघडताय."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगते, त्याहून जास्त राग आला. माझ्या तारांवर कोण शंका घेतो! म्हटलं, "पाक, दुःखात माणसाच्या लक्षात दिशा राहत नाही. तारा खोटं बोलत नाहीत. चला, त्याच लाटा पुन्हा सोडून दाखवते, तुम्हीच बघा."

ते टाकीच्या काठाशी उकिडवे बसले, गाल जवळजवळ पाण्याला टेकवला. "तुमचा समुद्र फार घाईत असतो," म्हणाले. मग पापण्या अर्ध्या मिटून पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं डुलकी लागली. इतक्यात त्यांनी हात उचलला. "ती बघा. आली. पुन्हा आली. पूर्वेकडूनच येतेय."

त्यांनी दाखवलेली बाजू पाहून मला हसूच आलं. "पाक, ती पश्चिम आहे! मेरापी तिकडे, मग पूर्व इकडे नाही का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईला ऊन लागलंय. "बु, ही माझी मशीद. हे माझं घर. माझ्या अंगणातून पाहिलं तर सूर्य समुद्रात शिरलेल्या या टोकामागून उगवतो. साठ वर्षं उगवतोय. ही पूर्व नाही तर मग कुठली?"

ते माझ्या शेडमध्ये बसलेच नव्हते. ते वातुकेलिरमध्ये बसले होते. आणि मी, तेहेतीस वर्षं टाकीत समुद्र भरणारी मी, पाना हातात घेऊन उभी होते ती मेरापीच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये. दांडा मी पूर्वेला लावला होता, शेडच्या पूर्वेला.

मी उठले, भिंतीशी गेले आणि तो लाल बाण दोन वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिला. मग दांडा पाहिला. नकाशाच्या पश्चिमेला, ऐटीत उभा. संगणकाला सांगितलं होतं नकाशाच्या पूर्वेला. म्हणजे आरशातल्यासारखं सगळं उलटं. मोठी लाट सरळ दक्षिणेची, ती आरशातही तशीच दिसते, म्हणून कुणाला संशय आला नाही. लहानगी तेवढी पूर्वेची पश्चिमेला गेली. कड्यावर आपटून फिरणारी लाट कुठली! लाट सरळच येत होती, फिरले होते मी.

आता लपवू कशाला, पहिला विचार मनात आला तो चांगला नव्हता. दोन स्क्रू होते. जेवणाच्या सुट्टीत दांडा गुपचूप फिरवला असता तर कुणाला कळणार होतं? पुढच्या चाचणीत आकडे वेगळे आले असते आणि तिऊर डोकं खाजवत बसली असती. चार महिन्यांनी मी निवृत्त. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण चाचण्या संपल्या होत्या, पुढची चाचणीच नव्हती, आणि गुरुवार परवावर आला होता. काठावर पाक वारसिदी रुमालाने गालाचं पाणी पुसत होते. मला विचारत होते, "वासिसला फोन करून काय सांगू, बु?"

मी पुलावर गेले. तिऊर भात खात होती, वर माझा सांबाल.

"पोरी, घास खाली ठेव," मी म्हटलं. "दांडा उलटा आहे. मी लावला. पहिल्या दिवसापासून."

आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. मग ती जी ओरडली! खालचे दोघेतिघे बाहेर पळाले. "तीन आठवडे, बु! बेचाळीस चाचण्या! माझा अहवाल! परवा समिती! मी तुम्हाला विचारलं होतं, पूर्वेला ना म्हणून!"

"विचारलं होतंस."

"तुम्ही म्हणालात, मी कुकुलं बाळ आहे का!"

"म्हणाले होते."

"आणि पूर्व-पश्चिम म्हणायला मला शिकवलं कुणी? मी डावीकडे-उजवीकडे म्हणत होते ते काय वाईट होतं?" असं म्हणताना तिला रडू फुटलं आणि रडता रडता मध्येच हसूही आलं, आणि सांबाल लागलेल्या हाताने डोळे पुसले ते वेगळंच. मग काय, दहा मिनिटं मी तिचे डोळे धूत बसले. नळाखाली तिचं डोकं धरलं होतं आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी थांबेना. म्हटलं, "मला शिव्या दे गं, पण मोठ्याने रडू नकोस, खाली पाहुणा आहे."

ती एकदम ताठ झाली. तोंडावरून पाणी निथळतंय आणि ही विचारते, "बु, दांडा मधे कधी हलवला होता?"

"नाही. एकदाही नाही. रोज पुसला, पण जागेवरून हलवला नाही. देवाशपथ."

"मग पाण्याने जे सांगितलं ते खरंच आहे की! तारांनी बरोबर मोजलंय. आपण फक्त तारांचा पत्ता चुकीचा लिहिला. दोन आकड्यांपुढचं चिन्ह बदलायचं, बु. दोन!" आणि ओल्या केसांनीच संगणकाकडे पळाली.

बेचाळीसच्या बेचाळीस चाचण्या तिने पुन्हा सोडवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या झाल्या. पाक वारसिदी रात्री आमच्या रस्त्यावरच्या मशिदीच्या ओसरीवर राहिले होते, त्यांना बोलावलं. त्याआधी तिने मला अहवालाचं नवं पान वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं: खाली सही करणारीच्या अस्पष्ट सूचनेमुळे दांड्याची जागा चुकीची नोंदवली गेली. खाली सही तिऊर सिमातुपांग.

माझं डोकंच फिरलं. "अस्पष्ट? पूर्व म्हणजे पूर्व, त्यात अस्पष्ट काय? दुसऱ्याची चूक पांघरायला तुला कुणी सांगितलं?"

"तुमचे चारच महिने राहिलेत, बु," ती हळू आवाजात म्हणाली. तिला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "तेहेतीस वर्षांत एक डाग नाही. कशाला उगाच?"

"आणि समितीने विचारलं, दांडा दुसऱ्याच बाजूला होता हे कशावरून, तर काय सांगशील? तू तेव्हा लग्नात नाचत होतीस! पाना माझ्या हातात होता, तर लिहायचंही मीच." मी ते वाक्य खोडलं आणि माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: दांडा मी, न्गातिनेमने, शेडची पूर्व धरून लावला. भिंतीवरचा बाण पाहिला नाही. त्यानंतर शेवटच्या चाचणीपर्यंत तो तिथून हलवलेला नाही. खाली सही केली, तारीख घातली. तिऊरने मला मिठी मारली. आमच्याकडे असं कामाच्या जागी कुणी करत नाही. मी ओरडले नाही.

पाक वारसिदी आले. टोपी काढून हातात घेतली. तिऊरने पडद्यावर नवं चित्र लावलं. एक मोठं वर्तुळ, दिशांची नावं लिहिलेली. दक्षिणेला मोठा लाल उंचवटा, आणि पूर्वेला, त्यांच्या टोकामागून सूर्य उगवतो तिथे, एक लहानसा पिवळा.

"हा काय?" त्यांनी विचारलं.

"ती लहानगी," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलीत ती. तुमचंच खरं होतं, पाक. दिशा मी विसरले होते."

ते जवळ गेले. बोट उचललं, पण पडद्याला लावलं नाही, अलीकडेच थांबवलं. मग म्हणाले, "गावात सगळे म्हणायचे, सागियो झोपेत होता. माझी वहिनीही म्हणायची. मी सांगायचो, नाही, बाजूने आली, मी पाहिली. अकरा वर्षं सांगतोय." त्यांनी दोन बोटांत माप धरलं. "एवढीशीच होती ती. ही बघा, एवढीशीच."

मी आपलं फडकंच त्यांच्या हातात दिलं, तारा पुसायचं. त्यांनी त्याने डोळे पुसले.

तिऊरने नमुन्यावरचा बंधाऱ्याचा शेवटचा तुकडा उचलून पूर्वेला ठेवला, लहान लाटेच्या वाटेत. पश्चिमेला फट ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या बाणाकडे पाहिलं आणि नीट, सावकाश म्हणाली, "पाक, तोंड असं पश्चिमेला उघडलं, तर वासिसची होडी सुखरूप आत येईल?"

पाक वारसिदी खाली बसले. गाल पाण्याजवळ नेला. मशीद पाहिली, घर पाहिलं, टोक पाहिलं, होडीची वाट बोटाने हवेत काढली, एकदा जाताना, एकदा येताना.

"इंग्गिह," ते म्हणाले.

तीन इंग्गिहांचा अर्थ मी एव्हाना तिऊरलाही सांगितला होता, आम्ही दोघी मोजत थांबलो. ते उठले, टोपी डोक्यावर घातली, फडक्याची घडी करून माझ्या हातात दिली. दुसऱ्यांदा काही ते इंग्गिह म्हणाले नाहीत.